दोन हजार एकशे सत्त्याऐंशीत एकदा

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले तेव्हा स्टाफरूममध्ये एकच खुर्ची रिकामी होती, संख्याशास्त्राच्या सरांच्या शेजारची. ती रिकामी का आहे हे कोणी सांगितलं नाही. कॉमर्सच्या एक मॅडम फक्त म्हणाल्या, "बसा, बसा. तुम्ही गणिताच्या ना, तुम्हाला चालेल." चौथ्या दिवशी कारण कळलं. मी वर्गाची पहिली चाचणी घेतली होती, वीस मार्कांची, आणि मोठ्या कौतुकानं सरांना सांगितलं, "सर, माझ्या वर्गाची सरासरी बारा आली."

सरांनी डबा बाजूला सारला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सगळी मुलं बाराच्या आसपास आहेत, की निम्मी अठरावर आणि निम्मी सहावर?"

मला माहीत नव्हतं. गणितात एम.एस्सी. करून मला ते बघावंसंही वाटलं नव्हतं. सरांनी खणातून एक ग्राफ पेपर काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "प्रत्येक मुलाला एक टिंब. घाई करू नका. टिंबाला टिंब चिकटता कामा नये." माझी मधली सुट्टी त्यातच गेली. चहा गार झाला. बाकीचे आमच्याकडे बघून हसत होते, आणि मला मनातून या माणसाचा भयंकर राग आला होता. सगळी टिंबं लागल्यावर मात्र कागदावर स्पष्ट दोन ढीग दिसले, आणि बारावर एकही मूल नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन अठ्ठावन्न मुलांना एक गोष्ट शिकवायची की दोन वेगळ्या, यावर पहिल्यांदा विचार केला. राग काही गेला नाही, पण शिकणंही थांबलं नाही.

दिसायला सर अगदी साधे. बारीक अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला चार रंगांची चार पेनं. दिवाळी झाली की स्वेटर अंगावर चढायचा आणि होळीलाच उतरायचा, मधे नाशकात थंडी असो वा नसो. सात वीसच्या तासाला ते सातला हजर असत. डबा खाताना खुर्ची भिंतीकडे वळवून बसत. कोणाचा अपमान करायचा म्हणून नव्हे. "खाताना मला बोलता येत नाही आणि तुम्हाला माझ्यासाठी थांबावं लागतं," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. डब्यात पोळीभाजी केंद्रातल्या तीन पोळ्या आणि कुठलीशी उसळ.

मुलं त्यांना 'सात सर' म्हणत. त्यामागे कथा आहे. चाचणीत वीसपैकी आठला पास. सरांनी एका वर्षी सगळ्या विषयांचे मार्क ऑफिसातून मागून घेतले आणि त्यांचा एकच मोठा हिस्टोग्राम काढला. चारवर मुलं होती, पाचवर होती, सहावर थोडी. सातवर एकही नाही. आणि आठवर हा एवढा उंच मनोरा. तो कागद त्यांनी स्टाफरूमच्या सूचना फलकावर टाचला आणि खाली लिहिलं, "सात मार्कांचं मूल नाशकात जन्मालाच येत नाही, असं दिसतं."

लोक चिडले. चिडणारच. सातचा आठ करणं यात कोणाला पाप वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. पण सर सात द्यायचे. सात दिल्यावर त्या मुलाला बोलावून घ्यायचे आणि त्याच्याबरोबर अर्धा तास बसायचे, की सात आले ते कुठून आले आणि आठवा कुठे अडकला. मुलांना तो अर्धा तास नको असे, त्यांना आठ हवे असत. उपप्राचार्यांनी फलकावरचा कागद काढून टाकला. सरांनी दुसऱ्या दिवशी नवा टाचला, आणि यावेळी चुका कमी राहाव्यात म्हणून दोनदा मोजला, असंही त्यावर लिहिलं.

गैरहजेरीवरून त्यांचं ऑफिसशी कायमचं वाजलेलं. ऑफिसातले भाऊसाहेब मार्क भरताना गैरहजर मुलासमोर शून्य टाकायचे, म्हणजे बेरीज पटकन जमते. सर खिडकीशी उभे राहून म्हणायचे, "अहो, शून्य मिळवायलासुद्धा पेपरला बसावं लागतं. हा बसलाच नाही. त्याची जागा मोकळी ठेवा."

"मोकळी ठेवली तर कॉम्प्युटर ओरडतो, सर."

"ओरडू दे. तुम्ही मला ओरडता तेव्हा मी ऐकतोच ना?"

नुसतं एवढ्यावर ते थांबत नसत. गैरहजर मुलाच्या घरी फोन करत. "तुमचा मुलगा आज चाचणीला आला नाही. मी त्याला शून्य दिलेलं नाही, एवढंच सांगायला फोन केला." पलीकडे एखादा बाप शेतात टोमॅटोवर फवारणी करत असायचा, त्याला यातलं अर्धंही कळायचं नाही आणि तो घाबरून संध्याकाळी कॉलेजात यायचा. सर त्याला बसवून पाणी द्यायचे, आणि त्याचीच विचारपूस करत बसायचे.

शनिवारी आमचा एक गट मिसळ खायला जायचा. सात-आठ जण, दोन गाड्या. सरांना कोणी बोलवायचं नाही. मीही नाही. मला त्या खुर्चीवर बसावं लागत होतं एवढं पुरे, असं मी स्वतःला सांगायचे. सोमवारी सर विचारायचे, "शनिवारी मिसळ कशी होती?" आवाजात टोमणा नसायचा, खरंच विचारत असायचे. मी "तिखट होती" म्हणायचे आणि वही उघडायचे. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एकदा पेपरांचा गठ्ठा द्यायला त्यांच्या घरी गेले होते. कॉलेज रोडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर जुन्या वर्षांचे ग्राफ पेपर कमरेइतके रचलेले. मला बसवायचं म्हणून त्यांनी तो ढीग उचलला, आणि मग कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. हातात ढीग घेऊन ते खोलीत दोनदा फिरले. शेवटी मीच म्हटलं, "राहू द्या सर, मला घाई आहे." त्यांच्या बायकोला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते. ती त्याआधीच्या सत्रातली आहे.

एस.वाय.च्या वर्गात दोन मुली होत्या, पूनम आणि जागृती. दोघी कळवणच्या बाजूच्या, एकाच गावच्या, नाशकात एका खोलीत राहायच्या. हुशार म्हणाव्यात अशा नव्हत्या, पण नेमाच्या होत्या. सरांनी संभाव्यतेवर चाचणी घेतली. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दोघींना तेरा-तेरा मार्क पडले. तेरा पडायला हरकत नाही, पण चुकलेले सात प्रश्न दोघींचे तेच होते आणि त्यात निवडलेला चुकीचा पर्यायही सातही ठिकाणी तोच.

सर दुपारी माझ्याजवळ आले. चेहरा उतरलेला. "मॅडम, जरा गुणाकार तपासता?" कागदावर मांडलं होतं. उत्तर चुकणारच असेल तर तीन चुकीच्या पर्यायांतून दोघींनी तोच निवडायची शक्यता तीनात एक. असं सात वेळा. तीनाला तीनानं गुणत गेलं की दोन हजार एकशे सत्त्याऐंशी येतात. म्हणजे योगायोगानं असं घडायचं असेल तर दोन हजार एकशे सत्त्याऐंशीत एकदा. "आणि सातही प्रश्न तेच चुकावेत, हे तर मी धरलंच नाही," सर म्हणाले. "मुलींना झुकतं माप दिलंय मी."

मी गुणाकार तपासला. बरोबर होता. सरांनी माझं मत विचारलं याचाच मला इतका आनंद झाला की खाली 'तपासले' लिहून मी सही ठोकली. गुणाकार कधी करायचा आणि कधी नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. तोच तर माझा विषय होता.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये सर, मी, उपप्राचार्य आणि समोर उभ्या त्या दोघी. सरांनी शांतपणे विचारलं, "कोणी कोणाचं बघून लिहिलं?" जागृती रडायला लागली. पूनम म्हणाली, "आम्ही बघून नाय लिहिलं सर." मग अशी सारखी उत्तरं कशी आली, असं उपप्राचार्यांनी विचारलं. पूनमनं एकदा सरांकडे बघितलं, एकदा खांद्याच्या बॅगेकडे, आणि गप्प बसली. दोघींना त्या चाचणीत शून्य मिळालं आणि नोंदवहीत शेरा पडला. महिन्याभरात जागृती दुसऱ्या कॉलेजात गेली. पूनम गावी गेली ती परत आली नाही.

इथे कोणी म्हणेल, सर निर्दय होते. नव्हते. ते शून्य त्यांनी आधी पेन्सिलीनं लिहिलं आणि मग पेनानं, मी शेजारी होते. पण एकदा आकडा आला की तो झाकून ठेवायचा नाही, या एका गोष्टीवर ते आयुष्य काढत आले होते.

पुढच्या वर्षी, थंडीत, मी वह्या तपासत असताना त्यांनी अचानक विचारलं, "मॅडम, तुम्ही कॉलेजात असताना अभ्यास कुणाबरोबर करायचात?"

"चौघी मिळून करायचो. एक वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. एकीनं चुकीचं वाचलं की चौघींचंही तेच चुकायचं." मी हसत सांगितलं.

सर हसले नाहीत. म्हणाले, "मी कधीच कोणाबरोबर अभ्यास केला नाही. शाळेतसुद्धा नाही. मला वाटलं, सगळे तसाच करतात."

त्यांच्या हातात तोच जुना कागद होता, माझ्या सहीचा. मग ते बोलायला लागले, वर्गात बोलतात तसे. घटना स्वतंत्र असतील तरच गुणाकार करायचा. एका खोलीतल्या, एका पुस्तकावर अभ्यास केलेल्या दोन मुली स्वतंत्र कशा? आणि कॉपी केली तर उत्तरं जुळतात हे खरं. पण म्हणून जुळलेली उत्तरं म्हणजे कॉपी, असं होत नाही. "पहिल्या वर्षाच्या मुलानं असं लिहिलं असतं तर मी सात दिले असते," ते म्हणाले. त्यांनी पेपर पुन्हा काढून बघितले होते. चुकलेले सातही प्रश्न एकाच धड्यावरचे होते, सशर्त संभाव्यतेच्या. पेपर तपासताना त्यांनी चुका मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या.

ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, "सर, निकाल विद्यापीठात गेला. आता तो विषय कशाला उकरता?" सरांनी लेखी माफीपत्र तयार केलं, त्यात आकडेमोडीतली चूक कुठे झाली ते सोडवून दाखवलं, आणि येत्या रविवारी कळवणला चला म्हणून मला गळ घातली. "मी एकटा दारात उभा राहिलो तर मुलगी घाबरेल. शिवाय सही तुमचीही आहे." हे शेवटचं ऐकल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही.

सकाळच्या एसटीनं दिंडोरी, वणी करत कळवणला पोचलो, तिथून रिक्षानं गावात. पूनमची आई कांद्याच्या चाळीपुढे कांदा निवडत बसली होती. कोण आलंय ते कळल्यावर तिनं हात झटकले, पदर सारखा केला आणि दोन खुर्च्या बाहेर आणल्या. सर बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीनं कॉपी केली नव्हती. चूक माझी होती. मी हिशोब चुकीचा केला."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमाला ठावं हाय ना सर. ती नाय म्हनली तवाच कळलं आमाला."

एवढी ताळा जुळवलेली आकडेमोड हातात धरून ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मग तुम्ही तिला परत का नाही पाठवलं?"

"आम्ही लय सांगितलं. तीच नाय म्हनली. त्या सरांसमोर कसं बसू म्हनली."

एवढ्यात पूनम आतून आली. अंगानं बारीक झालेली, पण चेहरा तोच. तिनं सरांना नमस्कार केला. सरांनी तिला पत्र दिलं, तिनं ते उभ्यानं पूर्ण वाचलं, आकडेमोडीसकट, आणि घडी घातली. "बरोबर हाय सर," ती म्हणाली. मला हसूही आलं आणि रडूही.

सर म्हणाले, "सातही प्रश्न एकाच धड्यावरचे आहेत. दोघींना एकसारखं चुकीचं कोणीतरी शिकवलंय. कोणती गाइड वापरली होतीत?"

आई म्हणाली, "दाखव की गं ती वही. पेटीत ठेवलीय ती." पूनम नको नको म्हणत होती, पण आईनंच आत जाऊन वही आणली आणि सरांच्या हातात दिली.

सरांनी धडा शोधला. मी खांद्यावरून बघत होते. नेटकं अक्षर, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं. उदाहरण सरांचंच होतं, त्यांच्या प्रत्येक वर्गात असायचं ते: नियमित येणाऱ्या मुलांपैकी पास किती, आणि पास झालेल्या मुलांपैकी नियमित किती. पण दोन्ही अपूर्णांकांचे छेद उलटे पडले होते. नियमित मुलांनी जिथे भागायचं तिथे पास मुलांनी भागलं होतं. पाठोपाठची सगळी उदाहरणं तशीच. तीन पानं. आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, पूनमच्या सवयीप्रमाणे, तारीख.

ती तारीख मला लगेच कळली, कारण तो दिवस आमच्यातलं कोणीच विसरलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी सरांच्या बायकोवर अंत्यसंस्कार झाले होते आणि सकाळी सात वाजता सर कॉलेजात हजर. शिपायानं घरी जा म्हणून विनवलं, उपप्राचार्यांनी फोनवरून सांगितलं. "सात वीसचा तास आहे," एवढंच बोलून ते जिना चढून गेले होते. मुलांना आदल्या दिवशीच निरोप गेलेला, की सर येणार नाहीत. वर्गात कोणी नसेल असं आम्ही धरून चाललो, आणि खरं सांगायचं तर वर जाऊन बघायची आमच्यात कोणाची हिंमत झाली नाही.

सर वहीकडे बघत राहिले. पान उलटलं, परत पहिल्या पानावर आले. शेवटी खुर्चीवर बसले.

"तुम्ही दोघी होतात?" त्यांनी विचारलं.

"आम्ही खाली लायब्ररीत होतो सर," पूनम म्हणाली. "तुम्ही जिन्यानं वर जाताना दिसले. वर्गात कोणीच नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून आम्ही आलो."

"हे उलटं आहे, हे तुम्हाला कळलं नाही?"

"नंतर कळलं. पुस्तकात बघितलं दोघींनी. जागृती म्हणाली, पेपर सरच तपासणार, तर सरांचंच लिहू. आणि..." ती आईकडे बघून थांबली. "आणि तुम्हाला विचारायला कसं यायचं, सर?"

"मग केबिनमध्ये तरी ही वही काढायची. बॅगेत होती ना तुझ्या?"

"होती सर. पण वहीवर तारीख होती."

सरांनी वही मिटली. पूनम खालच्या आवाजात म्हणाली, "तेवढ्या लोकांसमोर कशी दाखवायची?"

आईनं चहा केला होता, तो आम्ही घेतला. निघताना सर म्हणाले, "जूनमध्ये ये. भाऊसाहेबांकडून फॉर्म मी भरून घेतो." ती "बघते" म्हणाली. ती आली, जूनमध्येच आली, पुढे बी.एस्सी. झाली. पण सर त्या मेमध्येच निवृत्त झाले होते, आणि खोल्या सोडून बहिणीकडे विदर्भात गेले. तिथला नंबर स्टाफरूममध्ये कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नाही. मी मागितलाच नव्हता.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. वही पूनमनं त्यांना दिली होती, ती मांडीवर. अभोणा गेलं, पुढचे थांबे गेले. मला काहीतरी बोलायचं होतं, की सर, आम्ही वर यायला हवं होतं, मी तरी यायला हवं होतं. मी तिकिटाची घडी घालत राहिले. मग सरच बोलले, खिडकीकडे बघत.

"मॅडम, त्या दिवशीचा मला फक्त फळा आठवतो. मी समजत होतो, मी रिकाम्या वर्गात शिकवून आलो."

मी "हो सर" म्हटलं.

"दोघी होत्या," ते म्हणाले. वणी येईपर्यंत ते आणखी दोनदा तेच म्हणाले, माझ्याशी नव्हे.